विटांचा हौद गळतोय, दोनदा प्लास्टर करूनही चीर परत. दुरुस्त करावा की पाडावा?

गोठा_श्रीगोंदा

बारा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी, मुक्त गोठा, म्हणजे गायी बांधलेल्या नसतात. पाण्याचा हौद विटांचा, आतून 10 फूट लांब, अडीच फूट रुंद, 2 फूट खोल. पाणी दीड फुटावर ठेवतो. जमीन काळी, हौद बांधून सहा वर्षं झाली. रात्री नऊला पाणी बंद केलं तर पहाटे पाचपर्यंत अडीच इंच उतरतं. लांब भिंतीला मधोमध उभी चीर आहे, बाहेरून तळाशी कायम ओल असते, ड्रेनच्या पीव्हीसी पाईपाभोवतीही झिरपतं. दोनदा चिरेवर आतून सिमेंटचा हात मारला, पावसाळा गेला की चीर पुन्हा तिथंच. गवंडी म्हणतो पाडा आणि आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) करा. दुरुस्ती खरंच होत नाही का?

गवंडीकाम_बार्शी

पाडायच्या आधी गळती मोजा. तुमच्या मापाच्या हौदात एक इंच पाणी म्हणजे साधारण 60 लिटर. अडीच इंच म्हणजे दीडशे लिटर, आणि मुक्त गोठ्यात बारा गायी रात्रीतून तेवढं पिऊनही जातात. त्यामुळे या मोजणीवरून काहीच ठरत नाही.

हौदाला दोर किंवा बांबू लावून गायी 24 तास लांब ठेवा, त्यांना पाणी दुसरीकडे पाजा. बॉलकॉकच्या भरवशावर न राहता मागचा व्हॉल्व्ह बंद करा. भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारा आणि शेजारी त्याच उन्हात पाण्याने भरलेली बादली ठेवा, तिच्यातही रेघ. बादलीत जेवढं उतरेल ते उन्हाने गेलेलं. उन्हाळ्यात दिवसाला 8-10 मिलिमीटर सहज जातं. हौदातलं त्यापेक्षा जास्त उतरलं तेवढीच गळती.

मग पाणी उतरू द्या आणि कुठे थांबतं ते बघा. ज्या उंचीवर थांबेल तिथं भोक किंवा चिरेचं खालचं टोक असतं. बाहेरची ओल बघून जागा ठरवू नका, पाणी विटांच्या सांध्यातून फिरून भलतीकडे निघतं.

दुसरी गोष्ट, चीर अजून हलते की नाही. चिरेवर बाहेरून तीन-चार ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पातळ टिकल्या लावा, तारीख लिहा. टिकली तडकली तर चीर जिवंत आहे. तिच्यावर कितीही सिमेंट थापलं तरी ते तिथंच फुटणार.

गोठा_श्रीगोंदा

केलं. 24 तासांत हौदात सव्वादोन इंच उतरलं, बादलीत 8 मिलिमीटर. पाणी तळापासून 5 इंचांवर आल्यावर उतरणं जवळजवळ थांबलं, नंतर पाईपापाशी फक्त थेंब थेंब. टिकल्या लावून तीन आठवडे झाले, एक तडकली, ती सगळ्यात वरची.

गवंडीकाम_बार्शी

म्हणजे तळ-भिंतीचा सांधा बरा आहे. मोठी गळती उभ्या चिरेतून, तीही 5 इंचांच्या वर. पाईप वेगळा. हौद पाडायचं कारण नाही.

चीर का हलते ते आधी. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. हौदातून पाणी पाझरलं की मधली माती फुगते, टोकांची कोरडीच राहते, आणि दहा फुटांची सळई नसलेली भिंत वरच्या बाजूने उघडते. चीर रुंदावते, आणखी पाणी जातं, आणखी माती फुगते. गायींच्या खुरांनी झालेला चिखल आणि ओव्हरफ्लोचं पाणी त्यात भर घालतं. म्हणून काम बाहेरून सुरू करा.

हौदाभोवती 5 फूट रुंदीत काळी माती फूटभर काढा. मुरूम भरून पाणी मारत धुम्मस करा, वर दगडाचं सोलिंग आणि 4 इंच कोबा. उतार हौदापासून बाहेर, 5 फुटांत दीड-दोन इंच. कोबा गुळगुळीत घोटू नका, ओला असतानाच झाडूने खरखरीत करा, नाहीतर गाय घसरते. कोबा आणि हौदाची भिंत यांत अर्धा इंच फट ठेवून ती सीलंटने भरा, म्हणजे कोबा हलला तरी भिंतीला ढकलणार नाही.

आता चीर. हौद रिकामा करून तारेच्या ब्रशने शेवाळ आणि जुना चुना काढा. दोनदा मारलेला सिमेंटचा हात छिन्नीने पूर्ण उडवा, तो ठेवून वर काम केलं तर सगळं थर धरून निघेल. चीर पाऊण इंच रुंद, एक इंच खोल कापा. खाच व्ही आकाराची नको, चौकोनी हवी. व्हीमध्ये कडेला मसाला पापुद्र्यासारखा पातळ राहतो आणि तिथूनच सुटतो. धूळ धुऊन काढा. विटा ओल्या हव्यात, पण पाणी साचलेलं नको. एसबीआर किंवा अ‍ॅक्रिलिक लॅटेक्समध्ये (नवा मसाला जुन्याला चिकटवणारं द्रावण) सिमेंट कालवून त्याचा हात द्या आणि तो ओला असतानाच 1:3 मसाला (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) ठासून भरा.

वर पूर्ण आतून नवं प्लास्टर. जुन्या प्लास्टरवर थापी ठोकून बघा, पोकळ वाजेल तेवढं काढा, उरलेल्यावर टाचे मारा. चिरेवर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी कोंबडी जाळी खिळ्यांनी ताणून बसवा. प्लास्टर दोन थरांत, पहिला 12 आणि दुसरा 8 मिलिमीटर. आतलं क्षेत्र 75 चौरस फूट भरतं, त्याला दोन गोण्या सिमेंट आणि सहा-सात घनफूट धुतलेली वाळू पुरते. वॉटरप्रूफिंग लिक्विड गोणीमागे 200 मिली. जास्त ओतल्याने जास्त वॉटरप्रूफ होत नाही. तळ-भिंतीच्या कोपऱ्यात मसाल्याचा 2 इंचांचा गोल वाटा मारा, म्हणजे कोपरा गोलाकार करा, शेण-चारा तिथं अडकत नाही आणि झाडूही नीट फिरतो.

काम सकाळी लवकर किंवा चारनंतर. दुपारी केलेलं प्लास्टर पाणी सोडून बारीक जाळीसारखं तडकतं. सात दिवस ओलं गोणपाट. शेवटी पिण्याच्या पाण्याला चालतं असं डब्यावर लिहिलेलं लवचीक पॉलिमर-सिमेंट कोटिंग, दोन हात, एक उभा एक आडवा, चिरेच्या पट्ट्यावर दोन्हींच्या मध्ये फायबर मेश. डांबर अजिबात नको.

भरताना रोज सहा इंच. पहिलं पाणी दोन दिवस ठेवून सोडून द्या, दुसरंही. सिमेंटचा क्षार उतरलेलं पाणी गाय तोंड लावून सोडून देते आणि दूध कमी झालं की मग कारणं शोधत बसावं लागतं. एवढ्या दिवसांची पाण्याची वेगळी सोय आधी करून ठेवा.

गोठा_श्रीगोंदा

आणि आतूनच आरसीसीचा थर दिला तर? गवंडी अजून तेच म्हणतोय.

गवंडीकाम_बार्शी

देता येतो. तळाला 4 इंच, भिंतींना 3 इंच, 8 मिलिमीटरची सळई सहा इंचांवर दोन्ही दिशांनी, 12 मिलिमीटरची खडी, 1:1.5:3 काँक्रीट. साडेचार गोण्या सिमेंट लागेल. पण आतलं माप साडेनऊ बाय दोन फूट उरतं आणि त्याच पातळीला पाणी 1,060 वरून 630 लिटरवर येतं. भर उन्हाळ्यात दुधातली एचएफ दिवसाला 100 लिटरच्या आसपास पिते, हिशोब तुम्हीच करा. पुढच्या दोन पावसाळ्यांत चीर परत आली तरच हा खर्च.

पाईपलाईन_फलटण

ड्रेनचं राहिलं. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरतच नाही, म्हणून पाईपाच्या अंगाने पाणी निघतं. बाहेरून एमसील थापणं वाया जातं, पाणी आतून ढकलत असतं. पाईप काढा. नव्या 2 इंची तुकड्याचा भिंतीत जाणारा भाग पॉलिश पेपरने खरखरीत करा, त्यावर सॉल्व्हेंट सिमेंट लावून लगेच कोरडी जाड वाळू भुरभुरा, एक दिवस वाळू द्या. त्या वाळूला मसाला घट्ट धरतो. भोवतीची पोकळी नॉन-श्रिंक ग्राऊटने (वाळताना न आकसणारा मसाला) भरा. हे प्लास्टरच्या आधी करायचं. तळाचा उतार त्या तोंडाकडे हवा, 10 फुटांत 2 इंच, नाहीतर धुताना शेवटचं घाण पाणी मगाने काढावं लागतं.

अर्धा इंची बॉलकॉक असेल तर तो पाऊण किंवा एक इंची करा. दूध काढून झालं की गायी एकदम पाण्यावर येतात, तेव्हा अर्धा इंची पुरत नाही. बोअरची वाळू वॉशरमध्ये अडकली की बॉलकॉक थेंबथेंब गळतो आणि दोष हौदाला जातो. मागे ठिबकचा छोटा जाळीचा फिल्टर लावा. गायी जिभेने आणि शिंगाने फ्लोटची दांडी वाकवतात, म्हणून एका टोकाला फूटभराचा कप्पा करून त्यावर फरशीचं झाकण ठेवा, तळाशी पाणी जायला भोक. काठावर दीड फूट उंचीला जीआय पाईप आडवा टाकला तर गाय हौदात पाय घालत नाही.

शेळीमेंढी_जत

कोटिंग झाल्यावर आतून चुना मारावा का, हा प्रश्न येणारच. प्लास्टर उघडं असेल तर दर पंधरा दिवसांनी हौद धुऊन चुन्याची सफेदी चांगली, शेवाळ कमी धरतं. कोटिंगवर मात्र गरज नाही. आठवड्याला मऊ ब्रशने घासा, तारेचा ब्रश नको. वर पत्र्याची सावली केली की शेवाळ कमी धरतं.

डासांसाठी गप्पी मासे सोडणार असाल तर चुना आणि ब्लीचिंग दोन्ही बंद, मासे मरतात. शेवाळासाठी कोणी मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकायला सांगितलं तर टाकू नका, विशेषतः त्याच हौदावर मेंढ्या येत असतील तर. मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साचत जातं आणि लक्षणं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

दुरुस्तीच्या दिवसांत 200 लिटरचा ड्रम उभा चिरून वापरतात. ड्रम खाद्यतेलाचा किंवा गुळाच्या काकवीचा असेल तरच, फवारणीच्या औषधाचा कितीही धुतला तरी नको. चिरलेल्या कडेवर ठिबकची जुनी नळी फाडून चढवा, नाहीतर गायीची मान कापते.