८०८५ चे जुने प्रोसेसर कार्ड : बॅटरीजवळचे खाल्लेले ट्रॅक आणि जम्पर यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका तंत्रशिक्षण संस्थेच्या प्रयोगशाळेतून बाद झालेले ८०८५ चे (इंटेलच्या ८-बिट मायक्रोप्रोसेसरचे) सिंगल बोर्ड कार्ड सध्या माझ्याकडे, वेंगुर्ल्यात, आहे. त्यासोबत माहितीपुस्तिका किंवा सर्किटचा नकाशा आलेला नाही. कार्डावर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, पत्त्याच्या खालच्या आठ रेषा वेगळ्या करणारी ७४एलएस३७३, २७६४ ईप्रॉम (वीज गेल्यावरही प्रोग्रॅम टिकवणारी, अतिनील प्रकाशाने पुसली जाणारी चिप), ६२६४ रॅम, कीबोर्ड व डिस्प्लेसाठी ८२७९, तसेच ८१५५ (रॅम, पोर्ट आणि टायमर एकत्र असलेली चिप) आणि २८ पिनांचे एक रिकामे सॉकेट आहे.

पाच व्होल्ट दिल्यावर प्रोसेसरच्या ३७ क्रमांकाच्या पिनवर क्रिस्टलच्या निम्मी, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झ, वारंवारता मिळते आणि ३० क्रमांकाच्या पिनवर एएलईचे (पत्ता पकडून ठेवण्याच्या संकेताचे) पल्स दिसतात. त्यामुळे प्रोसेसर चालू आहे असे मी धरतो. डिस्प्ले मात्र कोराच राहतो.

मुख्य नुकसान बॅटरीने केले आहे. रॅममधला मजकूर टिकवण्यासाठी लावलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळली असून, आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत त्या क्षाराने तांब्यावर हिरवा थर चढवला आहे. बॅटरी काढून तो भाग मी पातळ व्हिनेगरने, मग डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ केला. थर निघाल्यावर दिसले की प्रोसेसरच्या २५ क्रमांकाच्या पिनपासून, म्हणजे ए१२ या पत्त्याच्या रेषेपासून, ईप्रॉमच्या २ क्रमांकाच्या पिनकडे जाणारा ट्रॅक मध्येच संपतो. ही पिन अधांतरी राहिली तर ईप्रॉमचा खालचा अर्धा भाग वाचला जाईल की वरचा, याचा भरवसा नसतो आणि मॉनिटर प्रोग्रॅम (कार्ड चालू होताच कीबोर्ड व डिस्प्ले सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम) सुरू होईलच असे नाही. तेथे बारीक तार सोल्डर करण्याआधी पुढील बाबींवर जाणकारांचे मत हवे आहे.

रॅमच्या २६ क्रमांकाच्या पिनपाशी एक ट्रान्झिस्टर आहे आणि त्याचाही एक ट्रॅक गेला आहे. वीज जाताना ही निवड-पिन खाली ओढून रॅममध्ये भलतेच काही लिहिले जाऊ नये, हेच त्याचे काम असावे ना? तो भाग नव्याने जोडताना कोणती रचना खात्रीची ठरेल? बॅटरीच्या जागी ३ व्होल्टचा लिथियम सेल बसवण्याचा विचार आहे. असा सेल चार्ज होणे धोक्याचे असल्यामुळे चार्जिंगचा रेझिस्टर काढून मालिकेत शॉट्की डायोड (कमी व्होल्टेज खाणारा, एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) घालणार आहे; एवढे पुरेसे होईल का?

रिकाम्या सॉकेटजवळच्या तीन काड्यांच्या जम्परमधील (टोपी घालून जोडणी निवडण्याच्या सोयीमधील) मधली काडी सॉकेटच्या २७ क्रमांकाच्या पिनला, एका बाजूची प्रोसेसरच्या लेखन-संकेताला आणि दुसऱ्या बाजूची पाच व्होल्टला जोडलेली आहे. म्हणजे पहिल्या बाजूला ६२६४ आणि दुसऱ्या बाजूला २७६४, असे मी समजतो. हे बरोबर असल्यास तेथे आणखी ८ किलोबाइट रॅम बसवता येईल. इंटेलच्या एसडीके-८५ या ८०८५ च्या प्रशिक्षण संचात ८१५५ मधला टायमर ट्रॅपला (प्रोसेसरच्या न रोखता येणाऱ्या इंटरप्ट पिनला) जोडून एकेक सूचना चालवण्याची सोय दिली होती. भारतीय बनावटीच्या कार्डांवरही ही रचना कोणी पाहिली आहे का?

सर्वांत निकडीचे काम ईप्रॉमचे आहे. त्याच्या खिडकीवरचे लेबल गळून पडले होते, म्हणून मी तेथे अपारदर्शक पट्टी चिकटवली आहे. तरी त्यातला प्रोग्रॅम पुसट होण्याआधी उतरवून ठेवला पाहिजे, कारण तो गेल्यास हे कार्ड पुन्हा उभे करणे फार अवघड होईल. सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरी जिल्ह्यात कोणाकडे २७६४ वाचू शकणारा प्रोग्रॅमर (चिप वाचण्या-लिहिण्याचे उपकरण) असल्यास कृपया येथे कळवावे. चिप घेऊन मी स्वतः येईन.