‘डीकंटॅमिनेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : नागपुरातील नागरी संरक्षण स्वयंसेवकांसाठी मी एका प्रशिक्षण-पुस्तिकेचे मराठीकरण करीत आहे. तिच्यातील एक प्रकरण अणुचाचण्या झालेल्या जागांच्या सफाईवर आहे. ‘डीकंटॅमिनेशन’साठी, म्हणजे अंगावर, वस्तूंवर वा जमिनीवर बसलेले घातक द्रव्य काढून टाकण्यासाठी, ‘शुद्धीकरण’, ‘निर्जंतुकीकरण’ आणि हिंदीत रुळलेला ‘विसंदूषण’ असे तीन शब्द समोर आहेत. यांपैकी कोणता घ्यावा? तसेच ‘किरणोत्सर्ग’ आणि ‘प्रारण’ यांत भेद ठेवावा का?

उत्तर : भेद अवश्य ठेवावा. अणुकेंद्रकातून आपोआप कण वा किरण बाहेर पडतात तो किरणोत्सर्ग, आणि ऊर्जा किरणांच्या वा कणांच्या रूपाने पसरत जाते ते प्रारण. क्ष-किरण यंत्रातून प्रारण निघते, पण यंत्र बंद करताच ते थांबते, आणि छातीचा फोटो काढून आलेला माणूस किरणोत्सर्गी होत नाही. प्रारणापासून बचाव करायचा तर वेळ कमी करावा, अंतर वाढवावे, मध्ये आडोसा घ्यावा. किरणोत्सर्गी धूळ अंगावर बसली असेल तर मात्र दूर पळून उपयोग नसतो, कारण ती आपल्याबरोबरच चालत येते. हे धूळ बसणे म्हणजे संदूषण.

आता मुख्य शब्द. ‘निर्जंतुकीकरण’ सरळ वगळावा. जंतू उकळून मरतात. किरणोत्सर्गी अणू उकळून, जाळून किंवा कोणत्याही रसायनाने निष्प्रभ होत नाही. प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांपाशी अमेरिकेने २५ जुलै १९४६ रोजी पाण्याखाली अणुस्फोट केल्यावर किरणोत्सर्गी तुषार लक्ष्य म्हणून उभ्या केलेल्या जहाजांवर कोसळले. खलाशांनी पाणी, साबण आणि कॉस्टिक सोडा घेऊन डेक घासले. पण रंगात आणि गंजात मुरलेले द्रव्य निघाले नाही आणि ऑगस्टमध्ये ते काम सोडून द्यावे लागले. त्याच महासागरातील एनेवेटाक या अणुचाचण्या झालेल्या प्रवाळद्वीपावर १९७७ ते १९८० या काळात अमेरिकी सैनिकांनी वरची माती खरवडली, त्यातील बरीचशी सिमेंटमध्ये कालवली, १९५८ च्या एका चाचणीने रुनिट बेटावर पडलेल्या खड्ड्यात भरली आणि वर सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा घुमट बांधला. त्या मातीतील प्लुटोनियम-२३९ या किरणोत्सर्गी द्रव्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे २४,००० वर्षांचे आहे. म्हणजे तिथे काहीही नाहीसे झाले नाही, फक्त जागा बदलली. ऑस्ट्रेलियातील मरालिंगा या ब्रिटिश अणुचाचण्यांच्या जागी १९६७ साली प्लुटोनियम पडलेली जमीन नांगरून ते मातीत मिसळण्यात आले. १९९० च्या दशकात तीच माती खरवडून चरांत पुरावी लागली. आपल्या शब्दाने हे सत्य झाकता कामा नये.

‘शुद्धीकरण’ला माझा विरोध आणखी एका कारणासाठी आहे, आणि तो मी आग्रहाने मांडतो. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी दलितांनी प्राशन केल्यावर सनातन्यांनी पंचगव्य ओतून त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. दीक्षाभूमीच्या शहरात हा शब्द ऐकणाऱ्याला ती आठवण होणारच. शिवाय ज्याचे शुद्धीकरण करायचे तो मुळात अशुद्ध, असा अर्थ त्यातून निघतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना पुढे विवाहात आणि नोकरीत भेदभाव सोसावा लागला, ही गोष्ट मदतीला जाणाऱ्याने विसरू नये. अंगावर धूळ बसलेला माणूस विटाळलेला नसतो.

आमच्या एका सरावात खऱ्या द्रव्याऐवजी अतिनील प्रकाशात चमकणारी भुकटी वापरली होती. सगळ्यांनी हात-तोंड स्वच्छ धुतले, अंधार केला, दिवा लावला, तेव्हा एकाच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली आणि कानामागे हिरवट ठिपके दिसले. शेजारच्या स्वयंसेवकाने विचारले, “धुतलं म्हणजे गेलं नं जी?” प्रशिक्षकांनी धुण्याच्या पाण्याच्या टबावर दिवा धरला. सगळे पाणी चमकत होते.

म्हणून शीर्षकात ‘विसंदूषण’ घ्यावा. ‘संदूषण’शी त्याचे नाते उघड आहे आणि तो संस्कृतातून सिद्ध होणारा असल्याने हिंदीचा म्हणून टाळण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष सूचनांमध्ये मात्र ‘धूळ उतरवणे’ असे साधे क्रियापद वापरावे.

प्रतिसाद : ‘विसंदूषण’ मान्य. ‘उतरवणे’विषयी शंका आहे. आपण विंचू उतरवतो, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट उतरवतो. त्या क्रियापदात मंत्राने बाधा नाहीशी होण्याची छटा आहे, आणि तोच गैरसमज आपण दूर करू पाहत आहोत.

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे, तो माझ्या ध्यानात आला नव्हता. ‘काढणे’ घ्यावे, आणि त्याच्या पाठोपाठ काढलेले कुठे ठेवायचे हे सांगणारे वाक्य प्रत्येक सूचनेत असावे. उदाहरणार्थ : “बाहेरचा हातमोजा आतली बाजू बाहेर येईल असा काढावा, जाड पिशवीत टाकावा, पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि तिच्यावर तारीख व वेळ लिहिलेली चिठ्ठी लावावी.”