माळवदासारखे गार, पण भूकंपात टिकणारे घर: छत आणि भिंती कशा असाव्यात?

माळवद_औसा:

नमस्कार. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात, गावठाणालगतच्या आमच्या जागेवर येत्या दिवाळीनंतर घराचे काम सुरू करायचे आहे. तळमजला साधारण हजार चौरस फुटांचा असून पुढेमागे वर एक मजला चढवण्याचा विचार आहे. रस्ता पश्चिमेला असल्यामुळे घराचे तोंड तिकडेच येणार. ठेकेदाराने दिलेला आराखडा आपल्या भागात सगळीकडे दिसतो तोच आहे: आरसीसीचा सांगाडा, सहा इंची वीटकाम, पाच इंची स्लॅब, वर कोबा, आणि उन्हाळ्यात फारच झाले तर एसी बसवा हा सल्ला.

आमच्या जुन्या घराला माळवद (लाकडांवर मातीचा जाड थर पसरलेले सपाट छत) होते आणि मे महिन्यात भर दुपारीही माजघरात पंख्याची आठवण होत नसे. १९९३ च्या भूकंपानंतर वडिलांनी ते उतरवून पत्रे टाकले. तेव्हापासून घरात मातीच्या बांधकामाचे नाव काढले तरी ते विषय बंद करतात, आणि किल्लारी परिसरात जे घडले ते पाहता त्यांची भीती अनाठायी आहे असे मला म्हणवत नाही.

ठरलेल्या खर्चाच्या वर दीड-दोन लाख रुपये घालण्याची तयारी आहे. ते एएसी ब्लॉकमध्ये (हवेची छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत) घालावेत, दाबून केलेल्या मातीच्या विटांत, की सरळ सौर पॅनेलमध्ये? घर मुळातच कमी तापावे आणि सिमेंट-पोलाद शक्य तेवढे कमी लागावे, अशी इच्छा आहे. ज्यांनी आपल्या हवामानात अशी कामे केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_स्थापत्य (सोलापूर):

आपण विचारलेल्या तिन्ही गोष्टींच्या आधी छताचा विचार करावा. एकमजली घरात उन्हाळ्यातली सर्वांत मोठी उष्णता भिंतींतून नव्हे, तर स्लॅबमधून येते, कारण आपल्या अक्षांशावर मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि छताला दिवसभर सावली अशी मिळतच नाही. माळवदाचा गारवा लाकडाचा नव्हता. वर पसरलेल्या फूट-दीड फूट मातीचा होता. दिवसाची उष्णता तो थर ओलांडून खाली पोचेपर्यंत संध्याकाळ उलटलेली असे.

पाच इंची उघड्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला, तापमानातील दर अंश फरकामागे, साधारण ३ ते ३.५ वॅट उष्णता आत येते. केंद्र सरकारने २०१८ साली आणलेल्या इको निवास संहितेत (घरांतील ऊर्जाबचतीच्या नियमावलीत) हीच मर्यादा १.२ ठेवली आहे. (ही संहिता मोठ्या भूखंडांसाठी असल्यामुळे आपल्यावर बंधनकारक नाही, पण मापदंड म्हणून चांगली आहे.) हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर छत. तापलेले छत आणि खोली यांत २० अंशांचा फरक धरला, तर आपल्या ठेकेदाराच्या स्लॅबमधून सहा हजार वॅटच्या आसपास उष्णता खाली उतरेल. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जवळपास पावणेदोन टनांची यंत्रणा निव्वळ छताशी झुंजण्यात खर्ची पडणार. त्याच स्लॅबवर पाच सेंटीमीटर जाडीचे एक्सपीएस फोमचे पत्रे अंथरले, तर हा आकडा हजार वॅटच्या आत येतो.

थरांचा क्रम महत्त्वाचा आहे. स्लॅबवर उतार काढून वॉटरप्रूफिंग करावे, त्यावर एक्सपीएस, त्यावर कापडी थर, मग जाळी घातलेला पातळ काँक्रीटचा थर आणि शेवटी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक. काही जण खर्च वाचवण्यासाठी हेच इन्सुलेशन स्लॅबखाली, फॉल्स सीलिंगवर टाकतात, ते टाळावे. तसे केल्यास स्लॅब रोज उन्हात प्रसरण आणि रात्री आकुंचन पावत राहतो, भिंतीच्या माथ्याशी आडव्या भेगा पडतात आणि पहिल्याच पावसात ओल उतरते. शिवाय इन्सुलेशन स्लॅबच्या वर असले, तर मजला चढवताना वरचे थर काढून तेच पत्रे नव्या छतावर वापरता येतात.

विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा थोडीफार उष्णता अडवतो हे खरे, पण पाणी मुरले की ती अडवण्याची ताकद जाते आणि स्लॅबवर नुसते वजन उरते. एक्सपीएस अजिबात परवडत नसेल, तर निदान दरवर्षी होळीच्या सुमारास गच्चीवर चुन्याचा दाट हात मारावा. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो आणि याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. गच्चीवर धूळ साठू दिली, तर मात्र त्याचा गुण झपाट्याने कमी होतो.

अंगण_बार्शी:

छतानंतर पश्चिम. रस्ता पश्चिमेला आहे म्हणून दिवाणखाना आणि मोठमोठ्या काचा तिकडेच काढायच्या, ही हौस आपल्याकडे फार महागात पडते. दुपारी तीननंतरचे ऊन इतके तिरपे येते की छज्जा कितीही पुढे काढला तरी ते आत शिरतेच. जिना, न्हाणीघर, कोठी ही सगळी पश्चिमेच्या अंगाला ओळीने घ्यावीत, तिकडच्या खिडक्या लहान ठेवाव्यात आणि दारापुढे ओटा काढून त्याला विटांची जाळी घालावी. झोपायच्या खोल्या पूर्वेला किंवा उत्तरेला.

दक्षिणेचे ऊन त्या मानाने शहाणे. चार फूट उंचीच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, तर मार्च ते सप्टेंबर या काळात भर दुपारी ती पूर्ण सावलीत राहते आणि डिसेंबरात मात्र निम्म्याहून थोड्या कमी खिडकीतून ऊन आत येते, जे त्या दिवसांत हवेच असते. पूर्व-पश्चिम खिडक्यांना हा हिशेब लागू पडत नाही.

आणि खिडक्या रात्री उघडाव्यात. मराठवाड्यात दिवसा पारा चाळिशीपार गेला तरी पहाटेची हवा बरीच निवते. ती हवा घरात खेळली, तर भिंती गार होतात आणि सकाळी नऊच्या आत सगळी झडपे लावून घेतली, तर तो गारवा दुपारपर्यंत पुरतो. चोरांच्या भीतीने खिडक्या बंद ठेवाव्या लागत असतील, तर माथ्याजवळ गज लावलेले झरोके ठेवावेत. जुन्या माळवदातले सवणे (छतात ठेवलेले झरोक्याचे भोक) हेच काम करत असे.

मातीकाम:

आपल्या वडिलांच्या भीतीबद्दल लिहितो, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय भिंतींचा निर्णय होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी घरे बसली, त्यांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या होत्या, पण त्या आतला आणि बाहेरचा अशा दोन वेगळ्या पडद्यांत रचलेल्या होत्या. मध्ये दगडगोट्यांची भर, सांध्यात नुसता चिखल, आणि दोन्ही पडद्यांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. धक्का बसताच पडदे फुगून सुटले आणि वरचे कित्येक टन वजनाचे माळवद झोपलेल्या माणसांवर आले. दोष रचनेचा होता: वजन वर, बांधणी कुठेच नाही. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता; २००२ मध्ये तो झोन तीनमध्ये घेतला गेला.

म्हणून भिंत कशाचीही असो, जोत्याला, लिंटेलच्या (दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या) पातळीला आणि छताखाली असे सळई घातलेल्या काँक्रीटचे अखंड पट्टे सगळ्या भिंतींवरून, आडव्या भिंतीही धरून, फिरलेच पाहिजेत. कोपऱ्यांत उभ्या सळया हव्यात आणि खिडक्या कोपऱ्यांपासून दूर. हे केले, तर दोन मजल्यांच्या घराला आरसीसी सांगाड्याऐवजी भारवाही भिंती (छताचे वजन स्वतः पेलणाऱ्या) चालू शकतात आणि खांबांमधले बरेचसे पोलाद वाचते. मात्र आराखडा आणि मोजमापे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यावीत. मिस्त्रीच्या अंदाजावर हे काम सोडू नये. आपल्याकडच्या काळ्या मातीत पायाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया पक्क्या मुरमापर्यंत नेणे भाग आहे.

दाबलेल्या मातीच्या विटांत साधारण ५ टक्के सिमेंट घालतात आणि त्या भाजाव्या लागत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण शेतातली काळी माती त्यांना चालत नाही. वाळूचा अंश भरपूर असलेली तांबडी माती लागते. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती घेऊन वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालावे, जोरात हलवून रात्रभर ठेवावे. तळाशी वाळू, तिच्यावर पोयटा, सर्वांत वर चिकणमाती असे थर वेगळे दिसतात. वाळूचा थर निम्म्याहून जास्त भरला, तर ती माती पुढच्या चाचणीला पाठवण्यासारखी. योग्य माती ट्रकने लांबून आणावी लागणार असेल, तर हट्ट सोडावा आणि फ्लाय ॲशच्या (औष्णिक केंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या) विटा घ्याव्यात. परळीचे औष्णिक केंद्र आपल्या भागाला जवळ असल्यामुळे त्या मिळायला अडचण नसावी. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली रॅट-ट्रॅप पद्धत (विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडणारी) वापरली, तर नऊ इंची भिंतीत पाव हिस्सा विटा वाचतात आणि मधल्या पोकळीने उष्णताही अडते. मात्र त्यासाठी विटा एकसारख्या मापाच्या हव्यात. वेड्यावाकड्या भट्टीच्या विटांत ती रचना जमत नाही.

माळवद_औसा:

सर्वांचे मनापासून आभार. लिंटेलच्या पट्ट्यांची गोष्ट वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी पहिल्यांदाच प्रश्न विचारले, एवढे सांगतो. भारवाही भिंती आणि फ्लाय ॲशच्या विटा यावर आमचे जवळपास ठरले आहे. आता छताला पैसे गेल्यावर सौर पॅनेलसाठी फारसे उरणार नाहीत. ते पुढे ढकलले तर चालेल का? आणि पाण्याचे काय करावे?

निवृत्त_स्थापत्य (सोलापूर):

पॅनेल खुशाल पुढे ढकला. इन्सुलेशन नंतर घालायचे म्हणजे गच्ची उखडावी लागते. पॅनेल केव्हाही बसवता येतात. आत्ता फक्त गच्चीवर सावली न पडणारी ३० चौरस मीटर जागा राखावी आणि मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीतून नेऊन ठेवावा. तीन किलोवॅटला एवढीच जागा लागते, त्यातून दिवसाला सरासरी बारा युनिट मिळतात आणि २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्या क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान ठेवले आहे. तोवर ७५ वॅटचे जुने पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावावेत.

पाण्याला मात्र आत्ताच पैसे ठेवा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या जिल्ह्यात आपण घर बांधत आहात. ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी आपल्या छतावरून वर्षाला ५० हजार लिटरहून अधिक पाणी मिळेल. पाया खणतानाच टाकीचा खड्डा काढला, तर जेसीबीचा खर्च एकदाच होतो. टाकी पायापासून पुरेशी लांब असावी, कारण ती झिरपली की काळी माती फुगून जोते उचलते. पांढऱ्या गच्चीवरचे पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडण्यासाठी पाइपला वेगळा कॉक ठेवण्यास विसरू नये.