मदत हवी आहे: भावाचा एक अंडकोष काढावा लागला, पुढे काय?

माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी मध्यरात्री त्याच्या ओटीपोटात आणि खाली कळा सुरू झाल्या, उलट्या झाल्या. लाजेपोटी तो सकाळपर्यंत उशी पोटाशी धरून पडून राहिला. आम्हाला वाटलं पित्त असेल. दवाखान्यात नेलं तेव्हा समजलं की अंडकोषाला पीळ पडून रक्तपुरवठा तुटलाय. अशा वेळी साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर अंडकोष वाचण्याची शक्यता जास्त असते. आमचे दहा तास गेले होते. डावा काढला आणि उजव्यालाही पीळ पडू नये म्हणून तो टाके घालून जागेवर बसवला.

डॉक्टर म्हणाले, दुसरा निरोगी असेल तर बहुतेकांना मुलं होतात, पुरुषी हार्मोनही पुरतं. पण भावाच्या मनाला ते पटत नाही. जेवता जेवता ताटावरून उठतो, लग्नाचा विषय निघाला की गच्चीवर जातो.

शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून वीर्यतपासणी पुढच्या महिन्यात करायचं ठरवलंय. सोबत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि एफएसएच (शुक्राणू तयार करायला चालना देणारं हार्मोन) तपासावं का? शुक्राणूंचं प्रमाण मिलिलिटरला 1 कोटी 60 लाखांच्या खाली आलं, तर लगेच घाबरावं की पुन्हा तपासावं? आणि मुलीकडच्यांना हे कधी, कसं सांगितलंत? यातून गेलेल्यांनी कृपया लिहा, मेसेज केलात तरी चालेल. सातारा-कोल्हापूर भागातले चांगले अँड्रॉलॉजिस्टही (पुरुषांच्या प्रजनन समस्यांचे डॉक्टर) सुचवा.