मळ्यात एकटे राहणारे आईवडील: बंदुकीचा परवाना काढावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला देणं तुम्हालाही अवघड जाईल, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझे आईवडील संगमनेर तालुक्यात मळ्यात राहतात. गावठाणापासून वस्ती बरीच लांब, मध्ये सगळा ऊस. आण्णांनी सत्तरी ओलांडलीय, आई पासष्टची. मी पुण्याला, भाऊ नाशिकला नोकरीला. दिवाळीनंतर आमच्याच शिवारातल्या एका वस्तीवर रात्री दोनच्या सुमारास दरोडा पडला. तोंडं बांधलेली चार-पाच माणसं, हातात गज आणि कोयते. आजींच्या कानातलं ओरबाडून नेलं, त्यांची कानाची पाळी फाटली. मुलगा मध्ये पडला तर त्याच्या डोक्यात गज घातला. जीव वाचला, पण अजून त्याला नीट बोलता येत नाही.

तेव्हापासून आण्णा रात्री झोपत नाहीत. उशाला कोयता, हातात बॅटरी. कुत्रं भुंकलं की उठून ओट्यावर येऊन उभे राहतात. आई म्हणते, चोर यायच्या आधी हा माणूस जागरणानेच आजारी पडेल.

भावाचं म्हणणं सरळ आहे. बारा बोअरची बंदूक घेऊ, रीतसर परवाना काढू. पोलिसांची गाडी निघून मळ्यात पोहोचेपर्यंत अर्धा तास सहज जातो, तेवढ्या वेळात दोन म्हातारी माणसं काय करणार? हवेत एक बार काढला तरी चोर पळतील. शिवाय आमच्याकडे बिबट्याही आहे, वासरं उचलून नेतो. भावाचं बोलणं मला उडवून लावता येत नाही. तो घाबरट नाही की भडक डोक्याचा नाही. त्या आजींना दवाखान्यात भेटायला तोच गेला होता.

आईचा मात्र ठाम नकार आहे. 'घरात बंदूक आली तर मी इथे राहणार नाही,' एवढंच म्हणते.

मला आईचं का पटतं ते सांगते. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रपाळीची असते. मग रात्री बारा-एकला शिवारात कोण फिरतं? दारं मोडायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला गेलेले आपलेच लोक. मोटार चालू करायला जाणारा चुलत भाऊ, पहाटे चारला दुधाची किटली घेऊन निघालेला शेजारी, कारखाना सुरू असला की ऊसतोडीवाले. मागच्या महिन्यात माझा चुलत भाऊ स्टार्टरच्या पेटीपाशी वाकलेला होता. आण्णा मागून आले. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. हा 'आण्णा, मी हाय' म्हणाला ते त्यांना पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा कोयत्याचा हात वर गेलेला होता. त्या हातात बंदूक असती तर दुसऱ्यांदा ओरडायला वेळ मिळाला असता का?

आणि भीतीने माणसांचं काय होतं ते आपण महाराष्ट्रात पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोर समजून दोन साधू आणि त्यांचा चालक. २०२४ च्या पावसाळ्यात चोरांचे ड्रोन दिसल्याच्या चर्चेने गावंच्या गावं रात्रभर जागी होती, आमच्याकडेही काठ्या घेऊन पहारा सुरू झाला होता. त्या दिवसांत घरोघरी बंदुका असत्या तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

पण नुसती भीती सांगून भावाला उत्तर मिळत नाही. म्हणून विचारतेय. परवाना या वयात मिळतो का, आणि मिळाला तर तो सांभाळणं कसं असतं? आण्णांनी खरंच कुणावर गोळी झाडली तर कायदा काय म्हणतो? आणि बंदूक नको म्हटलं तर त्या अर्ध्या तासासाठी दुसरं काय करावं? गावातल्या एकाने भावाला 'परवान्याच्या भानगडीत कशाला पडता, कट्टा (विनापरवाना गावठी पिस्तूल) मिळतो' असंही सुचवलंय. ते आम्ही करणार नाही, पण आसपास असं बोललं जातंय हे कळावं म्हणून लिहिलं.

कृपया घरात म्हातारी माणसं आहेत हे धरून सांगा.

मळेकरी

ताई, मी तुमच्या भावाच्या बाजूने. आमच्याकडे ८० च्या दशकापासून बंदूक आहे, वडिलांच्या नावावर होती, आता माझ्या. आमच्या वस्तीकडे आजवर कुणी फिरकलं नाही आणि त्याचं कारण तीच, असं माझं मत आहे. दरोडेखोर परवाना काढून येत नाहीत. कायदा पाळणाऱ्यानेच निहत्थं का राहायचं?

पण सांभाळण्याचं विचारलंत म्हणून खरं तेच सांगतो. आधी परवान्याची मुदत तीन वर्षं होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच झाली. नूतनीकरणाला तहसील, पोलीस ठाणे, जिल्हाधिकारी कार्यालय अशा चकरा असतात. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीस येते. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, आमची बंदूक दोनदा जमा झाली. तेव्हा घरात काठीच होती. साफसफाई, तेलपाणी वेगळं. काडतुसं जुनी झाली की बार उडेल याची खात्री नाही. आणि घरात पोरंटोरं असल्याने बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या, किल्ल्या माझ्याकडे. रात्री झोपेतून उठून ती काढून भरायला किती वेळ लागतो हे मी करून पाहिलंय. दार फोडायला तेवढा वेळ लागत नाही. तरीही मी ती ठेवीन, पण माझं वय पंचेचाळीस आहे आणि मला दोन्ही कानांनी ऐकू येतं.

काळा_कोट

वकिली करते, फौजदारी बाजूला. मुद्द्याचं तेवढं लिहिते.

परवाना शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ खाली मिळतो. ग्रामीण भागात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. किमान वय २१, वरची मर्यादा नाही. पण शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लागते, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण लागतं. पोलीस चौकशी होते. बारा बोअरसारख्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी स्वसंरक्षण आणि पीकसंरक्षण ही कारणं कलम १३ मध्ये आहेत, त्यामुळे पिस्तुलापेक्षा तिचा अर्ज तुलनेने सोपा. नाकारला तर मागितल्यावर लेखी कारण मिळतं आणि कलम १८ खाली अपील करता येतं. आपल्याकडे बंदूक बाळगणं हा अमेरिकेसारखा मूलभूत हक्क नाही, सरकारने दिलेली परवानगी आहे, हे भावाला समजावा.

गोळी झाडली तर काय? खासगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जबरी चोरी, किंवा सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत केलेली घरफोडी, अशा प्रसंगी मालमत्तेच्या बचावात समोरच्याचा मृत्यू झाला तरी कलम ४१ संरक्षण देऊ शकतं. पण कलम ३७ म्हणतं की बचावाला गरज असेल तेवढीच इजा. अंगावर धावून येणाऱ्यावर झाडलेली गोळी आणि कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत लागलेली गोळी, कोर्टात यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हा बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. सरकारी पक्षाइतका भक्कम पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत हे खरं, पण तोवर गुन्हा दाखल, बंदूक जप्त, अटक होऊ शकते, जामिनासाठी धावपळ. सत्तरीच्या माणसाला यातून जाताना मी पाहिलंय. शेवटी निर्दोष सुटले, पण तोपर्यंत घराची पार रया गेली होती.

कट्ट्याचं नावही काढू नका. विनापरवाना अग्निशस्त्र नुसतं घरात सापडलं तरी कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे.

रानवाट

बिबट्यासाठी बंदूक हे डोक्यातून काढून टाका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो संरक्षित आहे. स्वतःच्या जीवावर बेतलं तर कायदा समजून घेतो, वासरासाठी नाही. गोठा वरून आणि बाजूने बंद करा, जाळी मजबूत घ्या. वासरू नेलं तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. हॅलो फॉरेस्टचा नंबर १९२६.

डलासकर

टेक्सासमध्ये राहतो, मूळ नगरचाच. इथे माझ्या गल्लीत बहुतेक घरांत बंदूक आहे, २०२१ पासून तर पिस्तूल कमरेला लावायलाही परवाना लागत नाही. शेजारी चांगले आहेत, जबाबदार आहेत, त्यांच्याशी या विषयावर माझं नेहमी बोलणं होतं. त्यांचा मुद्दा तुमच्या भावाचाच: पोलीस येईपर्यंत मी काय करू?

दुसरी बाजूही सांगतो. १९९३ मध्ये केलरमन आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अभ्यास छापला. बंदूक असलेल्या घरात घरातल्याच माणसाचा खून होण्याचा धोका २.७ पट आढळला. त्यावर टीका खूप झाली, की धोका असणारेच लोक बंदूक घेतात, आणि ती टीका अगदीच पोकळ नाही. पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, यावर फारसा वाद नाही. ताई, तुमचे आण्णा झोपत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. रात्र-रात्र जागणाऱ्या, मनाने खचलेल्या माणसाच्या उशाशी बंदूक नको, एवढंच माझं कळकळीचं म्हणणं आहे. आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या.

वेल्डिंगवाला

मी फॅब्रिकेशनचं काम करतो, दरोडा पडलेल्या घरांचे दरवाजे दुरुस्त करायला बऱ्याच वेळा बोलावणं येतं. शंभरातल्या नव्वद घरांत कुलूप शाबूत असतं. तुटतो तो कोयंडा, म्हणजे चौकटीवरचा कडी अडकवायचा भाग. मागचं दार बघा तुमचं. कडी जाड असेल, कुलूप महागाचं असेल, पण कोयंडा चौकटीला अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूने बसवलेला असतो आणि चौकट वाळवीने पोखरलेली. पहार घालून एक हिसका दिला की स्क्रूसकट बाहेर येतो, आवाजही होत नाही फारसा.

हे करा: कोयंड्याच्या मागे पाच-सहा एमएमची लोखंडी पट्टी टाका आणि चौकटीतून आरपार नट-बोल्ट, नट आतल्या बाजूला. दाराला आतून आडणा (आडवी जाड दांडी) लावा, जुन्या वाड्यात असायचा तसा, दोन्ही बाजूंना भिंतीत पोलादी चॅनल गाडून. ओट्याला चॅनल गेट. झोपायच्या खोलीचं दार वेगळं मजबूत करा, म्हणजे बाहेरचं तुटलं तरी आई-आण्णा आत बंद राहून फोन करू शकतील. तुमचा तो अर्धा तास इथे निघतो. पत्र्याचं छत असेल तर तेही बघा, चोर पत्रा उचकटून उतरतात. आणि पहार, टिकाव, कुऱ्हाड, शिडी रात्री बाहेर ठेवू नका. निम्म्या ठिकाणी घर घरच्याच पहारीने फोडलेलं असतं.

मळेकरी

वेल्डिंगवाले दादांशी सहमत. त्यात एक भर. तुमच्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू आहे का बघा. टोल फ्री नंबरवर फोन करून बोललं की तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाईलवर फोन म्हणून जातो. आमच्याकडे ट्रॅक्टर चोरीच्या वेळी वीस मिनिटांत रस्त्यावर पन्नास माणसं होती. फक्त आण्णांना तो नंबर एका बटणावर लावून द्या. पोलिसांचा ११२ नंबर पण तसाच लावून द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. पळणाऱ्याच्या पाठीतल्या गोळीचं ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. निवडणुकीत बंदूक जमा होते हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने पूर्ण माघार घेतलेली नाही. आधी दारं-गेटचं काम करू, परवान्याचं नंतर बघू, असं म्हणतोय. मी तेवढ्यावर समाधानी आहे.

डलासकर, तुमचं बोलणं मनाला लागलं. आण्णांना येत्या सोमवारी पुण्याला आणतेय, कानाचं यंत्र आणि झोपेचं दोन्ही दाखवायचंय. ते आधी 'मला काय झालंय' म्हणत होते, आईने रात्रीचं सगळं सांगितल्यावर तयार झाले. आईचे दागिने बँकेत लॉकरला जाताहेत, आणि ते गेले हे गावात चारचौघांना सांगायचंही ठरलंय. चुलत भावांनी आपसात ठरवलंय की रात्री शिवारात जाताना आधी आण्णांना फोन करायचा आणि वस्तीजवळून जाताना नाव घेऊन हाक मारायची.

काळा कोट ताई, एक शंका: आडण्यामागे आत बसलेले असताना आण्णांनी खिडकीतून मिरचीपूड किंवा मिरीचा फवारा मारला, तर तेही खासगी बचावातच धरतात ना?

वेल्डिंगवाले दादा, आमची चौकट सागाची आहे पण खालची वीतभर कुजलीय. पूर्ण बदलावी की तेवढाच तुकडा कापून लोखंडी अँगल बसवता येईल? आणि सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा कुणी मळ्यात वापरत असेल तर सांगा, आमच्याकडे आषाढ-श्रावणात चार-चार दिवस ऊन पडत नाही, तेवढे दिवस बॅटरी तग धरते का?