बळी तो कान पिळी म्हणून लहान देशांनी गप बसायचं का?

वर्धारोडी
काल सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर ऑफिसातल्या दोघांची जुंपली. एकाचं म्हणणं, अमेरिका आणि चीनच्या रस्सीखेचीत लहान देशांनी मिळेल ते घ्यावं आणि गप राहावं. मला नाही पटत. सिंगापूर १९६५ मध्ये मलेशियातून वेगळं झालं तेव्हा पिण्याचं पाणीसुद्धा पुरेसं नव्हतं. पलीकडच्या मलेशियाच्या जोहोर राज्यातून नळानं यायचं, अजूनही येतं; १९६२ चा तो करार २०६१ ला संपतो. पण दरम्यान त्यांनी समुद्राचं पाणी गोडं करायला घेतलं, २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून वापरात आणलं. केवढा देश? आपल्या नागपूर जिल्ह्यात तसे तेरा बसतील. नेदरलँड्सचं बघा. सर्वांत प्रगत चिप छापायची यंत्रं जगात एकटी त्यांची एएसएमएल ही कंपनी बनवते. सगळं करायला जाऊ नये, एक किल्ली आपल्या कनवटीला ठेवावी. मोठ्यांना यावंच लागतं.

धरमपेठकर
किल्ली कनवटीला आहे, पण कुलूप कोणासाठी उघडायचं ते कोण ठरवतं? एएसएमएलला ती यंत्रं चीनला विकायची होती. अमेरिकेच्या दबावाखाली डच सरकारनं परवाना दिला नाही, आणि २०२३ मध्ये त्याहून कमी प्रगत यंत्रांवरही बंधनं आली. स्वित्झर्लंडचं तर ताजंच आहे. श्रीमंत, तटस्थ, घड्याळापासून औषधापर्यंत सगळ्यात निष्णात. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ३९ टक्के आयातशुल्क लावलं. शेजारच्या युरोपीय संघाला १५. मग स्विस उद्योगपती रोलेक्सचं टेबलावरचं घड्याळ आणि सोन्याची वीट भेट घेऊन व्हाइट हाऊसला गेले, आणि नोव्हेंबरात १५ वर मांडवली झाली. यात हुशारी किती आणि मुजरा किती, तुम्हीच सांगा.
सिंगापूरचं म्हणाल तर मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या, म्हणजे व्यापारी जहाजांच्या वाटेच्या, तोंडाशी बसलंय ते.

मिहानवाली
काका, नुसत्या जागेनं भागत असतं तर आपल्या नागपूरच्या, देशाच्या मध्यावर मानल्या जाणाऱ्या झिरो माईलच्या दगडाभोवती आज हाँगकाँग उभं असतं.
मी एस्टोनियाचं सांगते. वस्ती १३-१४ लाख, म्हणजे आपल्या शहराहून कमी. २००७ मध्ये त्यांच्या बँका, वर्तमानपत्रं, सरकारी संकेतस्थळं यांवर मोठा सायबर हल्ला झाला. रडत न बसता त्यांनी पुढे देशाच्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवली, आणि ती जागा वकिलातीसारखी, कायद्यानं एस्टोनियाचीच. त्यात जमिनीच्या नोंदीही आहेत. उद्या कोणी देश गिळला तरी यांचा सातबारा शाबूत! मी हे घरी सांगितलं तर सासरे म्हणाले, आपला फेरफार अजून तलाठ्याकडे अडकलाय.

धरमपेठकर
सातबारा शाबूत राहील हो, जमिनीवर पहारा कोणाचा? २००४ पासून नेटोत, अमेरिकेच्या लष्करी आघाडीत, आहेत म्हणून निवांत झोप लागते. मोठ्याच्या ओसरीवर राहून स्वतंत्र बाण्याच्या गप्पा.

कळमन्याचा अडत्या
भाऊ, तुम्ही सिंगापूर-हॉलंड करून राहिले, एकदा माझ्या गाळ्यावर या ना. वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं बाहेरचं मोठं गिऱ्हाईक कोण, तर बांगलादेश. त्यांनी शुल्क वाढवत नेलं, किलोला २० रुपयांवरून २०२३ मध्ये ८८. संत्र्याच्या भावापेक्षा शुल्क जास्त! अंबिया बहाराचा माल निघाला आणि भाव धपकन बसला. बारीक माल तर कोणी बोलीत धरेना. एका शेतकऱ्यानं क्रेट उतरवलेच नाहीत, गाडीभाडं अंगावर नको म्हणून तसाच परत घेऊन गेला. शेवटी राज्य सरकारला निर्यात अनुदान जाहीर करावं लागलं. एवढा मोठा आपला देश, काऊन नाही कान पिळला?

वर्धारोडी
पण बांगलादेश लहान कुठे? १७ कोटी लोक आहेत.

कळमन्याचा अडत्या
शेजारी कोण आहे त्यावर ठरते ना जी. आमच्यासमोर नेपाळ लहान, चीनसमोर आम्ही.

मिहानवाली
दादा, मुद्दा वेगळा आहे. त्यांना पर्याय होते, आपल्या संत्र्याला नव्हता. कतारचं आठवा. २०१७ मध्ये सौदीसह चार देशांनी संबंध तोडले, जमिनीवरची एकुलती सीमा बंद. कतारनं दुधासाठी विमानानं गायी आणल्या, तुर्कस्तान आणि इराणकडून माल मागवला, गॅस विकत राहिला. २०२१ च्या जानेवारीत दार उघडलं ते समोरच्यांनी.

धरमपेठकर
गॅस होता म्हणून. श्रीलंकेकडे चहा आणि पर्यटक होते. २०२२ मध्ये कर्ज फेडता येईना, पेट्रोलच्या रांगा लागल्या. हंबनटोटा बंदर त्याआधीच ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलेलं.

वर्धारोडी
स्वित्झर्लंडपाशी मी अडकलो, कबूल. किल्ली एक असून भागत नाही, दारं चार लागतात. मला वाटतं सिंगापूरनं पाण्याचं तेच केलं, जोहोरचा नळ तोडला नाही, पण त्याच्या भरवशावरही राहिलं नाही.

कळमन्याचा अडत्या
मी तेच सांगून राहिलो सकाळपासून. दुबईला पाठवू म्हणतो तर साल ढिली, वाटेत खराब होते म्हणते पार्टी. चला, मृग बहाराच्या दोन गाड्या लागल्या, बोली सुरू होऊन राहिली.