ट्रकच्या विम्यात कॅम्पर (पिकअपच्या पाठीवर चढवायची राहती खोली) ‘आपोआप’ येतो म्हणणाऱ्यांसाठी

मुशाफिर : काल इथे एका सद्गृहस्थांनी ठोकून दिलं : "ट्रकला फुल कव्हरेज असलं की पाठीवरचा कॅम्पर त्यातच आला. वेगळी पॉलिसी घेणारे येडे." अहो, ट्रकबरोबर चालते ती लायबिलिटी. तुम्ही दुसऱ्याला ठोकलंत तर त्याचं नुकसान भागेल. खुद्द कॅम्परचं काय? काही कंपन्या त्याला चक्क माल समजतात. आणि जॅकवर उतरवून ड्राइव्हवेत ठेवलेला असताना वादळात आडवा झाला तर? माझ्या शेजाऱ्याचं छत गारपिटीत फुटलं, मिळाला भोपळा. घ्यायचाच तर अ‍ॅग्रीड व्हॅल्यूवर, म्हणजे आधीच ठरवून लिहिलेल्या किमतीवर, घ्या. अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यूत घसारा कापून उरतं काय?

डॉलरतुला : सद्गृहस्थ हजर आहे. मी ट्रकच्याच पॉलिसीवर कॅम्परचं एन्डॉर्समेंट, म्हणजे जोडपुरवणी, घेतलंय, किंमत लिहून. एकाच अपघातात दोन पॉलिसींची दोन डिडक्टिबलं (क्लेममधला आपल्या खिशातून जाणारा वाटा) कशाला भरू?

मुशाफिर : मग ‘त्यातच आला’ कसं? पैसे भरून आणलात की!

सूनबाई अ‍ॅरिझोना : विमा राहू द्या, आधी वजनाचं बोला. हलक्या वर्गातल्या हाफ-टन ट्रकवर बंगला चढवणाऱ्यांनी दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा, म्हणजे ट्रक किती भार पेलतो त्याचा, स्टिकर कधी वाचलाय? ब्रोशरमधलं वजन कोरडं असतं, टाक्या रिकाम्या धरून. पाण्याचा गॅलन 8.3 पौंड. 30 गॅलनची टाकी भरली की 250 पौंड तिथेच. वर बॅटऱ्या, गॅस, कुकर आणि आमचे हे.

घाटपांडे : ओव्हरलोड असेल तर क्लेम सरळ नाकारतात. झालं, विषय संपला.

डॉलरतुला : कोणत्या कलमाखाली? पॉलिसी उघडून दाखवा. माणूस चुकतो म्हणूनच विमा असतो ना?

घाटपांडे : माझ्या मेव्हण्याच्या मित्राला नाकारला.

डॉलरतुला : मेव्हण्याच्या मित्राला पॉलिसी वाचता येते का, तेही विचारा.

सूनबाई अ‍ॅरिझोना : भांडू नका. क्लेम मिळेलही. पण समोरच्याचा वकील तुमचा ट्रक काट्यावर चढवेल तेव्हा? आमच्या अ‍ॅरिझोनात कायद्याची किमान लायबिलिटी एका माणसाच्या इजेला 25 हजार डॉलर, मालमत्तेला 15 हजार. 15 हजारांत आज कोणाची पिकअप भरून देणार?

बाहावेडा : वजन, वजन, वजन! मेक्सिकोत उतरणाऱ्यांनी काय करायचं ते कोणी बोलेना. तिथे अमेरिकन लायबिलिटी चालत नाही, मेक्सिकन पॉलिसी घ्यावीच लागते. त्यात कॅम्पर वेगळा लिहून घ्या.

मुशाफिर : आणि छत हळूहळू गळून लाकूड कुजलं तर सहसा कोणीच देत नाही, ती झीज धरतात. सीलंट स्वतःच तपासा.

डॉलरतुला : ठीक, लायबिलिटी वाढवतो, सूनबाईंसाठी. ‘आपोआप’ शब्दही मागे. पण वेगळी पॉलिसी? नाही म्हणजे नाही.

घाटपांडे : मेव्हण्याला फोन लावलाय. थांबा.